रंगांचा माणूस, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर : कलामहर्षी बाबूराव पेंटर

सणाच्या आधीच्या संध्याकाळी खडेबाजारातून चालत जावे. दोन्ही बाजूंना कापडाची दुकाने, दारात टांगलेल्या साड्या, झेंडूचे ढीग आणि गर्दी. एखाद्या दुकानासमोर उभे राहून मोबाइलवर फोटो काढावा. एक लाल साडी, शेजारी एक हिरवी. मग त्याच फोटोतले रंग बोटाच्या एका स्पर्शाने काढून टाकावेत. बहुतेक वेळा असे होते की लाल आणि हिरवी या दोन्ही साड्या जवळजवळ सारख्याच करड्या दिसू लागतात. डोळ्यांना जे दोन अगदी वेगळे रंग दिसत होते, त्यांतला फरकच नाहीसा होतो.

आपल्यातली काही हौशी मंडळी याच्याही पुढे गेली आहेत. ती इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात निसर्गाची छायाचित्रे काढतात. त्या छायाचित्रांत राजहंसगडाच्या उतारावरची झाडी बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसते आणि वरचे आकाश काळेभोर. पाहणारा विचारतो, हे खरे कसे? उत्तर एकच आहे. कॅमेऱ्याचा डोळा आणि आपला डोळा एक नव्हे. कॅमेरा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे ज्याला कळले त्यालाच काळ्या-पांढऱ्यात चित्र काढता येते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या कोल्हापुरात एका माणसाला आपल्या कामातून शिकावी लागली. त्याच्याजवळ फोटोग्राफीच्या शाळेचे शिक्षण नव्हते. कॅमेराही नव्हता, तो त्याने स्वतः बनवला. व्यवसायाने तो रंगारी, म्हणजे नाटकांचे पडदे रंगवणारा. त्यामुळे लोक त्याला आडनावाने न ओळखता पेंटर म्हणूनच ओळखू लागले. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची ही ओळख आपल्या सभासदांसाठी, आणि विशेषतः घरातल्या तरुण मुलामुलींसाठी लिहीत आहे.

मेस्त्री घराणे

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूडकाम, लोहारकाम, कोरीवकाम, चित्रे अशा अनेक कामांत त्यांचा हात चाले. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. जे शिकले ते घरातल्या हत्यारांमध्ये आणि वडिलांच्या हाताखाली. पटाशी कशी धरावी, लोखंड कसे वळवावे आणि रंग कसा कालवावा, हे एकाच घरात शिकायला मिळणे ही मोठी गोष्ट होती. पुढे कॅमेरा बनवताना यातले सगळेच उपयोगी पडले.

नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघांनाही चित्रकलेची आणि यंत्रांची सारखीच ओढ. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर. कुस्ती, गाणे, नाटक, चित्रकला या सगळ्यांना दरबाराचा आधार होता. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात राहून निसर्गचित्रे काढत होते. उन्हाची तिरीप, पाण्यावरची चमक, झाडाखालची सावली हा आबालालांचा अभ्यास. त्या गावात वाढणाऱ्या चित्रकाराला उजेड हाच चित्राचा विषय असू शकतो, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

नाटकांचे पडदे

१९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीसाठी पडदे रंगवले. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना पडदा म्हणजे काय ते सांगायला नको. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता, देऊळ असे सारे त्या कापडावर असे. पडदा सरसरत खाली आला की टाळी पडे.

हे पडदे घेऊन मंडळ्या गावोगाव फिरत. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी हा सगळा एकच रंगभूमीचा पट्टा होता, तेव्हा मध्ये राज्याची सीमा नव्हती. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांनी ललितकलादर्श ही मंडळी काढली ती १९०८ साली हुबळीत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले ते १९१५ साली. बाबूरावांचे तारुण्य या सगळ्याच्या ऐन मध्ये गेले.

पडदा रंगवताना एक गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी लागते. दिवसाउजेडी जो रंग दिसतो, तो रात्री दिव्यांच्या उजेडात तसाच दिसत नाही. पडदा रंगवायचा तो प्रेक्षकाला रात्री, लांबून, त्या उजेडात कसा दिसेल हे मनात धरून. म्हणजे बाबूरावांना विशीतच एक धडा मिळाला होता. रंग हा वस्तूत जितका असतो तितकाच तो पडणाऱ्या उजेडात आणि पाहणाऱ्या डोळ्यात असतो.

योगायोग असा की त्याच १९१० साली सातासमुद्रापलीकडे रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने न दिसणाऱ्या प्रकाशात काढलेली निसर्गदृश्ये प्रसिद्ध केली. तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश तेवढा आत जाऊ देणारी गाळणी त्याने भिंगापुढे लावली आणि कित्येक मिनिटे काच उघडी ठेवून चित्रे घेतली. त्यांत झाडे पांढरी आली, आकाश काळे आले. आजही छायाचित्रकार या परिणामाला वुडचे नाव देतात. कोल्हापुरात पडदे रंगवणाऱ्या दोन भावांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण कॅमेऱ्याला जग वेगळे दिसते, हा प्रश्न लवकरच त्यांच्याही दारात येणार होता.

घरी घडवलेला कॅमेरा

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो पाहिल्यावर आनंदराव आणि बाबूराव यांचा निश्चय झाला की आपणही चित्रपट काढायचा. पैसा नव्हता, यंत्र नव्हते, शिकवणारा कोणी नव्हता. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर विकत घेतला आणि चित्रपटांचे खेळ लावायला सुरुवात केली. खेळातून चार पैसे मिळत आणि त्याच वेळी पडद्यावरच्या चित्रांचा अभ्यासही होई. फिल्म पुढे कशी सरकते, थांबते कशी, उजेड कधी अडतो, हे ते यंत्र उघडून पाहत राहिले.

परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून आनंदरावांनी तो स्वतःच बनवायला घेतला. काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव गेले. ज्याच्या जोडीने सगळे स्वप्न पाहिले तो माणूस गेला आणि हाती राहिले काही सुटे भाग. बाबूरावांच्या जागी दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. त्यात अन्न होते, नाव होते. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि ते काम पुरे करायला घेतले. १९१८ साली कॅमेरा चालू झाला. हाताने दांडा फिरवून चालवायचा, कोल्हापुरात घडलेला कॅमेरा.

भांडवलाचा प्रश्न उरलाच होता. तो सोडवायला पुढे आल्या गायिका तानीबाई कागलकर. निपाणीहून कोल्हापूरला जाताना वाटेत लागणारे कागल त्यांच्या नावातच आहे. त्या काळात सिनेमा हा धंदा सावकारांनाही भरवशाचा वाटत नव्हता, तेव्हा एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी त्यात घातली, हे आपण विसरू नये. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती अशी. दामले, कागलचेच साहेबमामा फत्तेलाल आणि पुढे शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, असे शिष्य तिथे जमले. शांताराम त्याआधी हुबळीत रेल्वेच्या कारखान्यात आणि एका सिनेमा थिएटरात पडेल ते काम करत होते. कोल्हापूरच्या या कंपनीतही त्यांनी सुरुवात केली ती हलक्यासलक्या कामांनीच.

लाल न दिसणारी फिल्म

इथे थोडे थांबून त्या काळची फिल्म समजून घेतली पाहिजे. त्याशिवाय बाबूरावांपुढची अडचण कळणार नाही.

मूकपटांच्या पहिल्या काळात जी फिल्म सर्रास वापरली जाई तिला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा आणि जांभळा तिला फार लवकर दिसे, हिरवा कमी, आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणूनच फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावता येई. त्या उजेडाने फिल्मचे काही बिघडत नसे, कारण तिच्या लेखी तिथे अंधारच होता. सर्व रंग पाहणारी फिल्म निघालेली होती, पण तिचा वापर चित्रपटांत सर्वत्र होऊ लागला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

याचा परिणाम काय होई? निळे आकाश पडद्यावर कोरे पांढरे येई, ढग त्यात हरवून जात. कपाळावरचे कुंकू काळे दिसे. लाल शालू काळा पडे आणि निळे वस्त्र पांढुरके दिसे. उन्हाने रापलेला चेहरा होता त्याहून काळवंडलेला येई. ज्या माणसाने सहा वर्षे लाल, पिवळ्या, निळ्या रंगांनी प्रेक्षकांचे डोळे दिपवले, त्याच्या हातात आता अशी वस्तू आली होती की जिच्यापुढे त्याची सारी रंगपेटी निरुपयोगी ठरावी. पडद्यावर रंगवलेला राजवाडा कॅमेऱ्यापुढे सपाट कापड होऊन बसे.

बाबूरावांनी दोन गोष्टी केल्या, आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव या दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक, त्यांनी रंगवलेले पडदे बाजूला सारले आणि प्रत्यक्ष लांबी, रुंदी, खोली असलेले देखावे उभे केले. खांब खरा उभा असला की त्याची सावली पडते. भिंतीला कोनाडा असला की त्यात अंधार साठतो. ज्या फिल्मला रंग दिसत नाहीत तिला सावली मात्र नेमकी दिसते. दोन, त्यांनी उजेड हेच मुख्य साधन मानले. उन्हाचा कवडसा परावर्तकाने वळवून चेहऱ्यावर आणणे, पुढे कृत्रिम दिव्यांनी हवा तिथेच उजेड पाडणे, या गोष्टी त्यांनी फार लवकर अंगीकारल्या. पडदे रंगवण्यात ज्यांनी हयात काढली त्यांनीच पडदा टाकून द्यावा, यातला निर्धार समजण्यासारखा आहे.

दृश्य घेण्यापूर्वी ते त्याची रेखाटने करत. पात्राचा पोशाख, त्याची उभे राहण्याची ढब, हालचाल हे आधी कागदावर येई. पेन्सिलीच्या रेखाटनात रंग नसतोच, असतात त्या फिक्या आणि गडद छटा. म्हणजे चित्र कॅमेऱ्यात जाण्याआधीच काळ्या-पांढऱ्यात पाहून झालेले असे. आज आपण आधी रंगीत फोटो काढतो आणि मग त्याचे रंग काढतो. बाबूरावांना ती सोय नव्हती. फिल्म महाग होती, दृश्य पुन्हा घेणे परवडणारे नव्हते. मनातल्या मनात रंग पुसून जग पाहण्याची सवय त्यांना लावून घ्यावी लागली.

सैरंध्री ते सिंहगड

पहिला चित्रपट सैरंध्री. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात तो लागला. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी आणि तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या कीचकाचा भीमाने केलेला वध, ही कथा आपल्या लोकांना पाठ होती. तरीही पडद्यावरचा कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि तो भाग पुढे सेन्सॉरने कापायला लावला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाने केले होते. बाबूरावांनी स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या आणि त्यासाठी त्यांना आपल्याच लोकांचा रोष सोसावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी या पदवीने गौरवले. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्य गेले.

१९२१ साली आलेल्या सुरेखाहरणात शांताराम प्रथम पडद्यावर दिसले, कृष्णाच्या भूमिकेत. याच सुमारास बाबूरावांनी चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका प्रेक्षकांच्या हाती द्यायला सुरुवात केली. भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवत. चित्रपटात जो रंग आणता येत नव्हता, तो त्यांनी पोस्टरवर मनसोक्त वापरला. १९२४ च्या कल्याण खजिनाचे त्यांचे रंगीत पोस्टर आज भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध पोस्टरांतील सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. त्याच चित्रपटाला लंडनजवळच्या वेम्बले येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

मधे, १९२३ साली, सिंहगड आला. हरिभाऊ आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीने कोंढाणा घेतला तो रात्री. रात्रीची लढाई दाखवायची कशी? तेव्हाची साधी रीत अशी होती की दृश्य दिवसा उन्हात घ्यायचे आणि फिल्मला निळी छटा देऊन ती रात्र आहे असे प्रेक्षकाने समजायचे. बाबूरावांनी कृत्रिम दिवे लावून लढाईची दृश्ये घेतली. आपल्याकडे असा प्रयोग करणाऱ्यांत ते पहिले गणले जातात. अंधारात उजेडाचा झोत पडला की तलवारीची धार चमकते, चेहऱ्याची एकच बाजू दिसते, आणि बाकीचे प्रेक्षक मनाने पुरे करतो. दिवसाच्या फिल्मवर निळा रंग चढवून हे होत नाही. मुंबईत या चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की करमणूक कर लावण्याचा विचार सरकारच्या मनात त्या गर्दीनेच आणला, असे आजही सांगितले जाते.

सावकारी पाश

बाबूरावांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर जाणकार १९२५ च्या सावकारी पाशचे नाव घेतात. कथा नारायण हरी आपटे यांची. एका शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि त्या शेतकऱ्याला शहरात जाऊन गिरणीत मजुरी करावी लागते. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती.

देव नाहीत, राक्षस नाहीत, युद्ध नाही, चमत्कार नाही. आहे ती एक झोपडी आणि कर्जाचा कागद. त्या झोपडीचे दृश्य पाहिलेल्या माणसांना ते पुढे वर्षानुवर्षे आठवत राहिले. अगदी मंद उजेडातली ती झोपडी, सभोवार काळोख आणि रडणारे कुत्रे. चित्रपट मूक होता, कुत्र्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. तरी तो ऐकल्यासारखा लोकांच्या स्मरणात राहिला. रंग नाही, ध्वनी नाही, केवळ करड्या आणि काळ्या छटांवर हे साधले होते.

चित्रपटाला तेव्हा हवा तसा धंदा मिळाला नाही. प्रेक्षकांना पौराणिक आणि ऐतिहासिक भपका हवा होता. निपाणी भागातल्या वाचकांना मात्र या कथेचे मोल कोणी समजावून सांगायला नको. तंबाखूचे पीक आणि हातउसने, कर्ज आणि व्याज ही इथल्या कित्येक घरांची जुनी ओळखीची गोष्ट आहे. आपल्याच मातीतल्या माणसाच्या दुःखाला पडद्यावर जागा देणारा चित्रपट आपल्यापासून ४० किलोमीटरवरच्या गावात शंभर वर्षांपूर्वी तयार झाला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

शिष्य निघून गेले

बाबूराव अबोल होते. काम मनासारखे होईपर्यंत सोडत नसत, आणि मनासारखे व्हायला वेळ लागे. कंपनी चालवायची तर चित्रपट वेळेत निघावे लागतात. शिष्य तयार झाले होते, त्यांना स्वतःचे काही करायचे होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांनी कॅमेरा बनवायला हात लावला होता, तेही गेले. त्याच वर्षीच्या बाजीप्रभू देशपांडेनंतर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस फिरले आणि ती बंद पडली. १९३१ साली आलमआरा आला आणि चित्रपट बोलू लागला.

प्रभातने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. अयोध्येचा राजा, संत तुकाराम ही नावे घरोघरी गेली. पण त्यांच्या एका प्रयत्नाची आठवण इथे करायला हवी. १९३३ साली प्रभातने सैरंध्री पुन्हा काढला, आणि या वेळी तो रंगीत करायचे ठरवले. गुरूचा पहिला काळा-पांढरा चित्रपट शिष्य रंगात आणू पाहत होते. फिल्म जर्मनीला नेऊन तिथे प्रती काढल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. हे शिष्यांना हिणवायला सांगत नाही, धाडस मोठेच होते. पण रंग मिळाले म्हणून चित्र आपोआप चांगले होत नाही, आणि रंग नाहीत म्हणून ते अपुरे राहत नाही, हे या दोन सैरंध्री शेजारी ठेवल्या की कळते.

बोलपटांच्या काळात बाबूरावांनी उषा (१९३५), सावकारी पाशचीच बोलकी आवृत्ती (१९३६), प्रतिभा (१९३७) असे चित्रपट केले. पण संवादांच्या चित्रपटात त्यांचे मन पूर्वीसारखे रमले नाही. चित्रे आणि शिल्पे यांत ते अधिकाधिक गुंतत गेले. १९४७ साली शांताराम यांच्या राजकमल संस्थेसाठी लोकशाहीर रामजोशी या चित्रपटाचे काम त्यांनी केले. शिष्याने गुरूला सन्मानाने बोलावले होते. १९५२ चा विश्वामित्र चालला नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

मागे काय उरले

त्यांच्या मूकपटांतले आज फारच थोडे पाहायला मिळते. त्या काळची नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेई आणि जपली नाही तर सडून जाई. कित्येकांनी जुन्या फिल्म त्यातल्या चांदीसाठी वितळवल्या. जे चित्रपट पाहून प्रेक्षक हादरले, ते आज आपण वर्णनांतून, पोस्टरांतून आणि थोड्या छायाचित्रांतूनच ओळखतो. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. कोल्हापूरला जाणाऱ्या आपल्या सभासदांनी एकदा मुलांना घेऊन तिथे जावे आणि कॅमेरा विकत न आणता बनवणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांना सांगावी.

आता पुन्हा आपल्या इन्फ्रारेड छायाचित्रांकडे येऊ. बाबूरावांच्या फिल्मला लाल दिसत नव्हता. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला लालाच्याही पलीकडचे दिसते. दोन्ही टोके उलट, पण शिकवण एकच. झाडाच्या पानातले हरितद्रव्य हा पलीकडचा प्रकाश शोषून घेत नाही. पानाच्या आतल्या पेशींवर आपटून तो बाहेर फेकला जातो, म्हणून पाने पांढरी दिसतात. निरभ्र आकाशातून तो प्रकाश फारसा विखरून येत नाही, म्हणून आकाश काळे दिसते. पाणीही तो शोषून घेते, म्हणून तळे गडद येते. यात कुठेही जादू नाही.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी पावसाळा संपतानाचे दिवस निवडावेत. हवा धुतलेली असते, झाडी भरलेली असते आणि ऊन स्वच्छ असते. नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच आतच बसवलेली असते. ती जाणकाराकडून काढून घेता येते. ती न काढता भिंगापुढे ७२० नॅनोमीटरची गाळणी लावली तरी चालते, मात्र मग तिकाटणे हवे आणि काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ, धीर हवा. वाऱ्याने फांद्या हलल्या तर पांढरा धूर झाल्यासारखे दिसते. त्यामुळे सकाळची निवांत वेळ बरी. नंतर संगणकावर चित्र काळे-पांढरे करताना एका बटणावर समाधान मानू नये. लाल, हिरवा आणि निळा यांचा वाटा वेगवेगळा कमी-जास्त करून पाहावा. खडेबाजारातल्या त्या दोन साड्याही अशाच वेगळ्या करता येतात. लालाचा वाटा वाढवला की लाल साडी उजळते, हिरव्याचा वाढवला की हिरवी.

पण बटण दाबण्यापूर्वी एक काम करावे. कॅमेरा खाली ठेवून समोरच्या दृश्यातले रंग मनातल्या मनात पुसावेत आणि पाहावे, काय उरते. सावली उरते का? आकार उरतो का? काही सांगण्यासारखे उरते का? उरत असेल तर चित्र घ्यावे. बाबूराव मेस्त्री नावाच्या रंगाऱ्याने घरी बनवलेल्या कॅमेऱ्यामागे उभे राहून हेच केले, तेही पुन्हा पुसून काढायची सोय नसताना.

३ जून हा त्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी घरातल्या मुलांच्या हातात मोबाइल असेलच. त्यांना एक तरी काळे-पांढरे छायाचित्र विचार करून काढायला सांगू या. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांना आपल्या सीमाभागातील सर्व मराठी कुटुंबांतर्फे विनम्र अभिवादन.